पाद्रीबुवाचं बीळ

पातेल्यावरचं झाकण टक् करून वाजलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या मालकीण टटलबाई जाऊन बराच वेळ झाला. माझा नवरा ऑर्विल खिडकीशी उभा होता. आमची लेक नेटी टेबलाखाली बसली होती. तान्हा अर्ल माझ्या मांडीवर दूध पिता पिता झोपून गेला होता, ओठ मात्र अजून हलत होते.

झाकण पुन्हा वाजलं. परवा मारलेल्या वुडचकचं, त्या बिळं खणणाऱ्या मांजराएवढ्या घुशीचं, मांस दुसऱ्या पाण्यात शिजत होतं. काखेतल्या आणि कमरेतल्या गाठी आधी काढायच्या, पहिलं पाणी ओतून द्यायचं, मग कांदा घालायचा. नाहीतर तोंडात घालवत नाही. महिनाभर आम्ही दुसरं मांस पाहिलं नव्हतं.

"सतरा," ऑर्विल खिडकीकडेच तोंड करून म्हणाला. "तीन आठवड्यांत सतरा मारले. एका हाताचा माणूस आणि एक बाळंतीण."

"बाईंना अठरावा हवाय."

"हवाय ना. दारात उभं राहून मागायला काय जातंय!"

"हळू बोल. अर्ल उठेल."

खरं सांगायचं तर टटलबाईंचा मला राग येत नव्हता, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "ल्युएला, उद्या दव सुकलं की क्लेटन बर्डीला यंत्राला जुंपेल. त्याआधी मी सगळं गवत पायाखाली घालणार. एक जरी जिवंत बीळ सापडलं, तर हे घर क्लेटनच्या मेव्हण्याला देईन. त्याच्याकडे कुत्री आहेत. मला वाईट वाटतं गं पोरी. पण क्वीनचा पाय मोडला ना, तो आवाज अजून माझ्या कानात आहे."

तो आवाज आम्हीही ऐकला होता. गेल्या जूनमध्ये क्वीन आणि बर्डी, दोघी घोड्या जोडीने गवत कापायचं यंत्र ओढत होत्या. कुणीतरी एक बीळ वरवर मातीने बुजवलं होतं. आतला वुडचक जिवंत होता. जिवंत असला की तो खालून माती ओढत राहतो. वर जमीन दिसते आणि खाली नुसती पोकळी. क्वीनचा पुढचा पाय त्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि सुकी फांदी मोडावी तसा मोडला. तिला यातनांतून सोडवण्यासाठी बाईंच्या गड्याने, क्लेटनने, शेजारून बंदूक मागून आणली. या जमिनीवर अकरा वर्षांत झालेला तो एकच बार. टटलबाईंचा नवरा वुडचकमागे दगडी बांधावरून चढताना स्वतःच्याच बंदुकीने गेला होता. तेव्हापासून इथे बंदूक नाही. म्हणून तर त्यांनी आम्हाला ठेवलं होतं. ऑर्विलसारखी हिकरीच्या लाकडाची धनुष्यं आमच्या डोंगरात दुसरं कुणी करत नाही. गवत बिळांपासून स्वच्छ ठेवायचं आणि बांधाकडेच्या या दोन खोल्यांत राहायचं, असं ठरलं होतं.

फेब्रुवारीत सॉ मिलमध्ये त्याच्या डाव्या खांद्यावर ओंडका पडला. आता तो हात छातीच्या वर जात नाही.

आणि इथून निघालो तर कुठे जायचं ते मला ठाऊक होतं. रेल्वेच्या पुलाखाली, ताडपत्रीत. गेल्या हिवाळ्यात मी तिथे एका बाईला जुने कपडे द्यायला गेले होते. तिचं बाळ आताच्या अर्लएवढंच होतं. मार्चमध्ये पुन्हा गेले तर तिची मांडी रिकामी होती.

"चल," मी म्हणाले. "पाच वाजत आले. त्याची जेवायची वेळ झाली."

"कुणाची?" टेबलाखालून नेटी.

"पाद्रीबुवाची."

ते नाव ऑर्विलने ठेवलेलं. अठरावा वुडचक म्हातारा होता, तोंडावर पांढरट केस, एक कान फाटलेला. खाऊन झालं की मागच्या पायांवर उभा राहायचा, पुढचे दोन्ही पंजे पोटावर ठेवायचा आणि गवतावर अशी नजर फिरवायचा की आता प्रवचनच सुरू होईल. त्याचं बीळ उताराच्या खालच्या अंगाला, ॲश झाडाच्या जुन्या बुंध्यापासून तीन पावलांवर होतं. यंत्राच्या अगदी वाटेत.

मी फ्लॅनेलची पट्टी छातीवर घट्ट गुंडाळली. दूध भरलेल्या अंगाला सुटलेली दोरी लागली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात, ते मी पहिल्याच दिवशी शिकले होते. ऑर्विलने गुडघा आणि उजवा हात वापरून धनुष्य वाकवलं, मी दोरी चढवली. लग्नाआधी तो मला म्हणायचा, "तुझ्या बापाने तुला स्वयंपाकाऐवजी नेमबाजीच शिकवली वाटतं." आता म्हणत नाही.

अर्लला टोपलीत घालून बांधाच्या सावलीत ठेवलं. नेटीला शेजारी बसवलं.

"रडला तर?"

"बोट दे चोखायला."

"माझं बोट घाण आहे."

"मग फ्रॉकला पूस."

आम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूने, पोटावर सरकत गेलो. क्लोव्हरचा चारा गुडघ्याएवढा वाढला होता, वर जांभळी फुलं, आणि मधमाश्या इतक्या की जमीनच गुणगुणतेय असं वाटावं. वीस पावलांवर थांबलो. मी गुडघ्यांवर बसले. ऑर्विल माझ्या उजवीकडे पालथा पडला. तीन आठवडे आमचा हाच रिवाज होता. वुडचकचं डोकं गवतात असतं, नुसती पाठ दिसते, आणि पाठीत मारलेला बाण फुकट जातो. म्हणून ऑर्विल शिट्टी मारतो, त्यांच्यातलाच एक धोक्याची मारतो अगदी तशी, आखूड आणि टोकदार. जनावर चटकन उभं राहतं, कुठून आली ते बघायला. तो एक क्षण माझा. मला शिट्टी येत नाही. त्याला धनुष्य ओढता येत नाही. तो एकदा म्हणाला होता, "दोघांचा मिळून एक बरा शिकारी होतो. पोटं मात्र चार."

पाद्रीबुवा वर आला. आधी नाक, मग फाटका कान. कितीतरी वेळ नुसतं डोकंच बाहेर. मग तो निघाला, पोट घासत, दोन पावलं, चार पावलं. खायला लागला.

मी दोरी गालापर्यंत आणली. ऑर्विलने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने शिट्टी मारली.

पाद्रीबुवा काही उभा राहिला नाही. ही शिट्टी त्याने सतरा वेळा ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी नाहीसं झालं होतं. तो तसाच जमिनीला चिकटून राहिला.

"पुन्हा," मी ओठातल्या ओठात म्हणाले. हात जड झाला होता.

ऑर्विलने थांबून दुसरी मारली. या वेळी जरा लांबवली, शेवटी थोडी वर नेली. ही वेगळी होती. अशी त्याने कधी मारली नव्हती. आणि म्हातारा उठला. सगळा, सरळ, पंजे पोटावर. पांढरी छाती उन्हात.

त्याच क्षणी बांधाकडून अर्ल रडला.

तो काही मोठ्याने रडला नाही. पण माझ्या अंगाने ते माझ्याआधी ऐकलं. छातीत कळ आली, पट्टीखाली ओलं झालं, आणि बोटं सुटली. मी सोडलीच नाहीत, ती सुटली. बाण नेमाच्या वीतभर खाली गेला. मागच्या पायाच्या वर लागला. जनावर ओरडलं, गर्रकन फिरलं आणि पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत बिळात शिरलं. बिळाच्या तोंडाशी बाण मोडला. पिसांचं अर्धं टोक बाहेर राहिलं.

आम्ही धावलो. मातीवर रक्त होतं. फार नव्हतं.

"मेला," ऑर्विल म्हणाला. "एवढं लागल्यावर काय जगतो."

"तुला कसं कळलं?"

"मेला असेल, ल्युएला."

"असेल म्हणजे काय? आहे का नाही?"

तो म्हणाला, "मी काय देव आहे?"

मी अर्लला पाजलं, उभ्यानेच, आणि मग कुदळ आणून खणायला लागले. ऑर्विलने एका हाताने माती ओढली. नेटीने डब्याने. हाताच्या लांबीवर मूळ लागलं, मनगटाएवढं जाड. ते तोडलं. त्याखाली खडक. बीळ खडकाच्या बाजूने वळून बुंध्याखाली गेलं होतं आणि तिथे हात काय, काठीही जाईना. मी आडवी पडून खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना थंड माती लागली, बाकी काही नाही. मला वाटलं, लागावा. चावला तरी चालेल, पण हाताला लागावा.

"पुरे," ऑर्विल म्हणाला. "नख निघालंय तुझं."

शेवटी जे सगळे करतात तेच केलं. माती परत लोटून बिळाचं तोंड पूर्वीएवढं केलं आणि त्यात क्लोव्हरचा बोळा कोंबला. ही टटलबाईंच्या सासऱ्यापासूनची पद्धत. सकाळपर्यंत बोळा जागच्या जागी राहिला तर आत कुणी नाही, मग खुशाल माती भरून ठोकायची. बोळा बाहेर ढकललेला असला तर घरमालक जिवंत. क्वीन गेल्यापासून बाईंचा कशावरच विश्वास नव्हता, याच्यावर मात्र होता.

त्या रात्री आम्ही मांस खाल्लं. ऑर्विलने नेटीला हसवायला पाद्रीबुवासारखे हात पोटावर ठेवून प्रार्थना म्हटली. नेटी हसली. मी नाही.

उजाडता उजाडता मी धनुष्य घेऊन निघाले. अर्ल ऑर्विलच्या उजव्या दंडावर झोपला होता. तो हात काढला असता तर बाळ उठलं असतं, आणि डाव्याने त्याला उचलता येत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, "तू राहा. मी नुसती बघून येते." दारात नेटी आलीच, अनवाणी, फ्रॉकच्या खिशात भाकरीचा तुकडा.

"हा कशाला?"

"बर्डीला. आज ती काम करणार ना. ती माझ्या हातातून खाते, दात लावत नाही."

गवत दवाने इतकं जड झालं होतं की गुडघ्यापर्यंत भिजलो. बुंधा दिसला. मी शेवटची दहा पावलं जवळजवळ डोळे मिटूनच चालले.

बोळा बाहेर पडला होता. सैल होऊन, कोमेजून, पसरलेला, आणि त्यावर ताजी, काळी, ओली माती.

मी तिथेच बसले. काही वेळाने उठून वीस पावलं मागे गेले, गुडघ्यांवर बसले, बाण लावला. वाट पाहिली. डोंगरामागून सूर्य वर आला. दव चमकायला लागलं आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, वरच्या उतारावरून सुकायला लागलं. बिळात काही हललं नाही.

मी ओठ गोल केले. नुसती हवा आली. दोन बोटं जिभेखाली घातली, ऑर्विल घालतो तशी. थुंकी आली. पुन्हा. पुन्हा. गाल दुखायला लागले. लहानपणी बापाने कितीदा शिकवायला घेतलं होतं आणि मी हसून पळाले होते. आता मी त्या बिळाकडे तोंड करून फू फू करत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नेटी माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"मी घेऊन येऊ बाबांना?"

तेवढ्यात वरचं फाटक करकरलं. टटलबाई आत आल्या होत्या, काठी टेकत, एकेक बुजलेलं बीळ बघत. खळ्यापाशी क्लेटन बर्डीवर जुंपणीचे पट्टे चढवत होता, त्यांच्या साखळ्या वाजत होत्या.

मग मी जे केलं ते फार शांतपणे केलं. धनुष्य गवतात ठेवलं. ताजी माती ओंजळीने उचलून बुंध्यामागे टाकली. आणि तोच कोमेजलेला क्लोव्हर, काडी काडी, गोळा केला. नवा तोडला असता तर बाईंनी लगेच ओळखला असता, रात्रभर बिळात राहिलेलं गवत मऊ पडतं आणि कडेने तपकिरी होतं. मी त्याचा पुन्हा बोळा केला, कोंबला, वरून हात फिरवला. कालचं रक्त दिसेल असं ठेवलं. मोडका बाण शेजारी ठेवला.

नेटी बघत होती. मी तिचा हात धरला.

टटलबाई आल्या. आधी बाण पाहिला, मग रक्त. मग गुडघ्यावर हात टेकून कष्टाने वाकल्या आणि बोळ्याला काठीचं टोक लावलं.

"कालचा?"

"हो."

"हाताला काय लागलं?"

"खणत होते. मूळ होतं."

त्या बराच वेळ माझ्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवून त्यातून फडक्यात बांधलेली, रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरलेली गोड रोटी काढली. अजून कोमट होती.

"पहाटेच भाजली. म्हटलं, काहीही निघालं तरी पोरांना द्यायची." त्यांनी फडकं माझ्या हातात ठेवलं. "मला वाटलं नव्हतं हा तुझ्या हाती लागेल. याने माझ्या नवऱ्याला बनवलं होतं, याने नाही तर याच्या आजोबाने. राहा गं तुम्ही. ऑर्विलला सांग, हिवाळ्याआधी छपराचं बघू. आता माती भर आणि नीट ठोक. पहिली फेरी बांधाकडून निघेल. इथपर्यंत यायला क्लेटनला दुपार होईल."

"बाई," मी म्हणाले.

"काय?"

अर्ल घरात रडायला लागला होता. एवढ्या लांबूनही ऐकू येत होतं. माझा ब्लाउज ओला झाला.

"काही नाही. रोटीबद्दल... देव तुमचं भलं करो."

"जा, आधी त्याला पाज. माती काय, पळून जात नाही." आणि त्या क्लेटनला हाक मारत वर निघाल्या, "ए, आण रे तिला! सगळं साफ आहे!"

अर्ल रडतच होता, तरी मी आधी माती भरली. कालचा खड्डा काही मोठा नव्हता. तुडवत गेले, टाचेने, जोरात, अंगातला सगळा जोर लावून. नेटीही माझ्यासोबत तुडवायला लागली, तिला तो खेळ वाटला असावा. मी मुळं-मातीसकट क्लोव्हरची एक ढेप उचलून वर बसवली. आता कुणालाही कळलं नसतं. मलाही चार दिवसांनी जागा सापडली नसती. मी मनाशी म्हणत होते, तो दुपारपर्यंत मरेल. एवढं लागलंय त्याला. बुंध्याखाली जाऊन पडेल आणि मरेल. आणि नाही मेला तरी एवढी माती त्याला हलवता यायची नाही. आणि हलवली तरी घोडीचा पाय नेमका तिथेच कशाला पडेल.

बर्डी फाटकातून आत आली. जोडीदारीण नव्हती, म्हणून यंत्राचा दांडा एका बाजूला बांधला होता आणि ती थोडी तिरकी चालत होती. क्लेटन शीळ घालत होता. यंत्राची पाती पहिल्या गवताला लागली आणि खटखट सुरू झाली. कापलेल्या क्लोव्हरचा वास आला.

नेटी मातीवर उकिडवी बसली, मग आडवी झाली आणि तिने त्या ढेपेला कान लावला, अर्लच्या छातीला लावते तसा.

"आई, आत खरवडतंय."

"ऊठ. फ्रॉक भिजेल."

ती उठली. खिशातून भाकरीचा तुकडा काढून तिने हातात धरला, पण बर्डीकडे गेली नाही. वरच्या बांधाशी वळणाऱ्या घोडीकडे बघत राहिली, मग आमच्या पायाखालच्या जमिनीकडे, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "इथे पाय ठेवायचा नाही, हे बर्डीला कोण सांगणार?"